कड मेली म्हणजे

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, न वाचलेल्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली, दोनशे पानी एक वही बरेच दिवस पडून होती. वही आमची नव्हे. तिच्यातले अक्षर आमच्या एका विद्यार्थ्याचे आणि त्या अक्षरावरची लाल शाई आमची. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच छपराखाली राहतो आणि परीक्षांच्या दिवसांत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून लाल पेने चालवतो. त्यामुळे त्या वहीतली कोणती रेघ कोणाची, हे आज आम्हांलाही सांगता येणार नाही. म्हणून हा लेखही 'आम्ही'च लिहितो आहोत. दोष वाटून घेण्याची ही सोय आहे असे कोणी म्हटले, तर ते अगदीच खोटे नाही.

विद्यार्थी सातपुड्यातला, अक्राणी तालुक्यातला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी विषय निवडायचा होता तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे कादंबऱ्या आणि कवी वाटून घेतले. हा मात्र उभा राहून म्हणाला, "सर, माझा आजा धनुष्य करतो. त्याच्यावर लिहू का?" आम्हांला आनंद झाला. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत असे विषय फार मिरवतात. आम्ही लगेच होकार दिला, संदर्भग्रंथांची यादी दिली, एकलव्याच्या मिथकावर एक स्वतंत्र प्रकरण असावे असेही सुचवले. त्यावर तो जे बोलला ते तेव्हा आम्ही विनोद म्हणून ऐकले होते. "एकलव्याचा अंगठा सगळे विचारतात, मॅडम. धनुष्य कुणी विचारत नाही. ते त्यानं स्वतःच केलं असेल ना?" ते प्रकरण त्याने लिहिले नाही. मग आम्हीच त्याला चार पाने सांगितली आणि त्याने ती निमूटपणे उतरून घेतली.

२०२२ मध्ये प्रबंध बांधून तयार झाला. काळे पुठ्ठे, सोनेरी अक्षरे, बासष्ट पाने. आम्ही त्याला शंभरपैकी ब्याऐंशी गुण दिले. धनुष्याच्या दोरीलाही संस्कृतात 'गुण' म्हणतात, हे तेव्हा आमच्या लक्षातही आले नव्हते.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याचा आजा वारला. दिवसकार्य आटोपल्यावर त्याचा फोन आला. कच्ची वही आमच्याकडेच राहिली आहे का, एवढेच त्याने विचारले. प्रबंधाची प्रत तर तुझ्याकडे आहे, असे आम्ही म्हणालो. क्षणभर थांबून तो म्हणाला, "आहे. पण त्याच्यात आजा नाही." हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. दुकानात साखर नाही असे जितक्या सहजपणे सांगावे तितक्या सहजपणे त्याने ते सांगितले.

वही सापडली. ती परत करण्याआधी आम्ही एका रविवारी वाचायला बसलो. खोडलेले वाचायला वेगळी दृष्टी लागते. लाल रेघेखालचे निळे अक्षर आधी दिसत नाही, मग एकदम तेच तेवढे दिसू लागते. एकतिसाव्या पानावर एक वाक्य होते : 'कड मेली म्हणजे धनुष्य जगले.' त्याच्यावर आडवी रेघ आणि समासात शेरा : 'आलंकारिक. संशोधनपर लेखनात टाळावे.' त्याच्याच खाली, 'काच ऐकत जायचे.' शेरा : 'अर्थबोध होत नाही.' पुढच्या पानावर, 'कापूस खोटे बोलत नाही.' शेरा : 'म्हण असल्यास संदर्भ द्यावा.' त्याने सर्वत्र 'धनुष्याचे दोन हात' असे लिहिले होते. आम्ही प्रत्येक ठिकाणी 'हात' खोडून 'भुजा' केले होते. 'पाठीला सुरी लावायची नाही' याचे आम्ही 'पृष्ठभागाचे यथायोग्य जतन करणे आवश्यक असते' असे केले होते. हे वाचताना आमच्यापैकी एकीला हसू आले आणि ते फार वेळ टिकले नाही.

वही न्यायला तो आला तेव्हा आम्ही हे सगळे त्याच्यापुढे कबूल केले. त्याने वही चाळली, मिटली आणि टेबलावर परत ठेवली. "राहू द्या इथंच. पण वाचून कळणार नाही, सर. लाकूड आणतो."

त्याच्याकडे धनुष्य बहुतेक बांबूचेच असते. भरीव मानवेलाची काठी फाडून, तिची हिरवी पाठ तशीच ठेवून, पोटाकडून तासत जायचे. पुष्कळदा दोरीही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची असते आणि ती टोकांना सुताने बांधलेली असते. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याच्या दोऱ्या कशाकशाच्या असतात ते सांगितले आहे. त्यात मूर्वा, रुई, ताग यांच्याबरोबर वेणूही आहे, म्हणजे बांबूच. त्याच ठिकाणी धनुष्याचे ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे असे चार प्रकारही येतात. संदर्भग्रंथांच्या यादीत आम्ही त्याला हे पुस्तक दिले नव्हते. तेव्हा ते आम्हांला सुचले नाही, एवढेच.

त्याचा आजा मात्र बांबूबरोबर धामणीचीही धनुष्ये करी. धामण म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे आधी साप आला, हे कबूल करायला हवे. धामण हे झाड आहे, त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असते, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीला ते वापरतात, आणि संस्कृतात त्याला 'धन्वन' आणि 'धनुर्वृक्ष' अशी नावे आहेत, हे सगळे आम्ही त्या आठवड्यात शिकलो. आजाने मरण्यापूर्वी बांधावरच्या धामणीची एक फांदी उभी फाडून तिची चार फाकी सावलीत वाळत घातली होती. त्यांतले एक फाके घेऊन तो २०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे आला आणि पाच दिवस राहिला.

त्या पाच दिवसांत जे काही झाले ते त्यानेच केले. आम्ही टोके धरली आणि चहा केला. साल त्याने हाताने आणि बोथट सुरीने काढली, खालच्या लाकडाला एक ओरखडाही येऊ न देता. सालीखाली जे पहिले लाकूड लागते तीच धनुष्याची पाठ, तिथे पुन्हा हत्यार लावायचे नाही. बाकी सगळे काम पोटाकडून आणि दोन्ही बाजूंनी. वाकसाने घडण, मग कानस, मग दोरी लावून थोडे वाकवायचे, पाहायचे, ताठ वाटेल तिथे पोटाकडून थोडे खरवडायचे, पुन्हा वाकवायचे. वाकवताना पाठीवर ताण येतो आणि पोटावर दाब. लाकूड दाब बराच सोसते, पाठ मात्र एकदा फाटली की सगळे संपते. जाडीचा हिशेब तर फारच कठोर आहे. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, जाडी निम्मी केली तर तो एक अष्टमांशावर येतो. म्हणून पोटाकडून घेतलेला कागदाएवढा पापुद्राही धनुष्याला कळतो. हे गणित आम्ही नंतर पुस्तकात पाहिले. तो ते बोटांनी करत होता.

पाचव्या दिवशी धनुष्य दोन्हीकडे सारखे वाकू लागले. त्याने ते उलटसुलट पाहिले, दोरी सोडली आणि आमच्या हातात दिले. "आता कडा राहिल्या. त्या तुम्ही करा."

आम्ही घाबरलो, कारण वस्तू दिसायला तयार दिसत होती. कडा म्हणजे शेवटची सफाई, रंगरंगोटीच्या जातीचे काम, असा आमचा समज होता. पण तो गेल्यावर एकतिसावे पान पुन्हा उघडले आणि वाचत गेलो, तेव्हा आजाच्या हिशेबात कडांना तीन पाने होती आणि बाकी सगळ्या घडणीला मिळून चार.

प्रत्येक हाताला चार लांब कडा असतात, दोन पाठीकडच्या आणि दोन पोटाकडच्या. पाठीकडची कड ही सगळ्यांत धोक्याची जागा. पाठीचे तंतू टोकापासून मुठीपर्यंत अखंड जात असतात, पण बाजू तासताना त्यांतले काही कापले जातात आणि त्यांची मोकळी टोके नेमकी कडेवर येऊन बसतात. कड धारदार राहिली तर धनुष्य ओढताना त्या टोकांवर ताण येतो, एखादा तंतू सुटतो, त्याची कूस उभी राहते, कुशीमागे भेग धावते आणि धनुष्य तुटते. म्हणून कड मारायची. आजा त्याला हेच म्हणे, आणि आमच्या गल्लीतले सुतारमिस्त्रीही असेच काही म्हणतात, फक्त त्यांचा शब्द 'गोला मारणे' हा आहे. 'कड मेली म्हणजे धनुष्य जगले' या वाक्यात अलंकार नव्हताच. ती कामाची सूचना होती. 'उकळी आली म्हणजे आच कमी करावी' या वाक्यात जितका अलंकार असेल तितकाच इथे होता.

मिस्त्रींचा उल्लेख आला आहे तर तेही सांगून टाकावे. पहिल्याच दिवशी आम्ही धनुष्य घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी ते हातात घेतले, कौतुक केले आणि म्हणाले, "मशीननं गोला मारून देतो ना मॅडम, दोन मिनिटांचं काम." मशीन सुरूही झाले होते. आमच्यापैकी एकाने शेवटच्या क्षणी हात आडवा धरला. तोपर्यंत आम्हांला काहीच समजले होते असे नाही, नुसती भीती वाटली. पुढे कळले ते असे की त्या यंत्राचे पाते एका मापाचा गोल मारते, आणि धनुष्याचा हात तर मुठीपाशी चार बोटे रुंद आणि टोकाशी अंगठ्याएवढा असतो. शिवाय लाकडाचे तंतू सरळ जात नाहीत. गाठीपाशी ते वळसा घेतात, आणि फिरते पाते तिथे तंतूंच्या उलट्या दिशेने शिरले की ढलपाच उचकटून काढते. मिस्त्रींना हे सगळे ठाऊक होते, त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सांगितलेही. मग आदल्या दिवशी का नाही सांगितले, असे आम्ही विचारले. "तुम्ही शोभेसाठी करताय असं वाटलं."

वहीतल्याप्रमाणे आम्ही सुरुवात केली. कडेपासून दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर पेन्सिलीने रेघ ओढायची आणि मधला भाग कानशीने तिरपा घासत न्यायचा, दोन्ही रेघा पुसल्या जाईपर्यंत. एका कडेच्या जागी आता दोन बोथट कडा येतात. मग त्या दोन मारायच्या. त्यांच्या चार होतात. पुढे मोजता येत नाही आणि बोटालाच गोलाई कळू लागते. कानस लांबीच्या दिशेने चालवायची, आडवी कधी नाही, कारण आडवा ओरखडा म्हणजे भेगेला दाखवलेली वाट. आणि दोन्ही बाजूंच्या कडा सारख्याच मारायच्या. एका बाजूची जास्त गेली तर तो हात ओढताना पीळ घेतो. इथे आमच्या घरात एक वाद झाला. एका अंगाला बसणारा कानस जोराने चालवी, दुसऱ्या अंगाला बसणारी हलक्या हाताने. तासाभराने हात वाकवून पाहिला तर तो किंचित मान वळवल्यासारखा दिसला. मग आम्ही दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायचे ठरवले. उत्तरपत्रिका तपासतानाही आम्ही हे करायला हवे होते.

कानशीनंतर काच. हा भाग आम्ही खोडलेला होता. फुटलेल्या काचेची ताजी धार तिरपी धरून आपल्याकडे ओढली की लाकडाचा धुळीएवढा बारीक भुगा न निघता पातळ कुरळे पापुद्रे निघतात. कागदाने घासण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वच्छ होते. 'काच ऐकत जायचे', हे आम्हांला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समजले, वीज गेली होती तेव्हा. तंतूंच्या दिशेने काच चालली की एकसारखा सर्र असा आवाज येतो, रेशमी लुगडे ओढल्यासारखा. तंतू उलटे आले की काच थरथरते आणि आवाज फुटतो. तिथे थांबायचे, काच फिरवायची आणि दुसऱ्या टोकाकडून यायचे. अंधारात कड दिसत नव्हती, तरी काम थांबवावे लागले नाही. गाठीपाशी तर दर चार बोटांवर दिशा बदलत होती. कड तिथे सरळ ठेवण्याचा मोह फार होतो. दिसायला तिने सरळच असावे. पण वहीत लिहिले होते की गाठीपाशी लाकूड जाते तसे जायचे, आणि तिथे आमची लाल शाई नव्हती. ते वाक्य आमच्या तावडीतून कसे सुटले कोण जाणे.

इथे आमच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. त्या वहीत आम्ही केलेल्या सगळ्याच दुरुस्त्या चुकीच्या नव्हत्या. ऱ्हस्वदीर्घ होते, एक प्रकरण दोनदा आले होते, आणि एका ठिकाणी त्याने पाठ आणि पोट यांची अदलाबदल केली होती. ते तसेच छापले गेले असते तर वाचून धनुष्य करणाऱ्याने नेमकी पाठच तासली असती. काच चालवता चालवता आमच्यापैकी एकाने हे बोलून दाखवले : म्हणजे आपणही कडाच मारत होतो की. त्यावर दुसऱ्या बाजूने बराच वेळ नुसता काचेचा आवाज येत राहिला. मग उत्तर आले, "नाही. आपण पाठ तासली."

तिसऱ्या दिवशी कूस उभी राहिली. वरच्या हाताच्या डाव्या कडेला, टोकापासून वीतभर अंतरावर. घाईघाईत तिथे काचकागद आडवा फिरला होता. दोरी लावून पहिल्यांदाच थोडे ओढले तेव्हा 'टिक' असा अगदी हलका आवाज झाला. तो आवाज आम्ही दोघेही जन्मात विसरणार नाही. ओढणे थांबवले, दोरी सोडली आणि विद्यार्थ्याला फोन लावला. त्याने घाबरू नका म्हणून सांगितले. कूस उपटायची नाही, तिच्याखाली सुताराचा गोंद मुरवायचा, दाबून धरायची, वर सुती दोरा पक्का गुंडाळायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. ते दोन दिवस आम्ही पुस्तके वाचली. आमच्या जातीच्या माणसांना संकटात दुसरे काही सुचत नाही.

'अमरकोशा'त धनुष्याच्या टोकाला 'कोटी' आणि 'अटनी' हे शब्द आहेत, मधल्या मुठीला 'लस्तक' आहे, दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी, गुण असे चार शब्द आहेत. शाब्दिक कोटी करणारे आपण सगळे धनुष्याच्या टोकावर उभे असतो, हे वाचून बरे वाटले. चाप आणि ज्या भूमितीत गेले. पण टोक आणि मूठ यांच्यामधला जो लांब भाग खरोखर वाकतो, त्याला त्या ओळींत शब्द सापडला नाही. 'हात' हा शब्द त्या विद्यार्थ्याने आयता दिला होता आणि तो आम्ही खोडला होता. त्याच ठिकाणी बाणांच्या सरावाला 'उपासन' म्हटले आहे. आणि 'भिल्ल' हा शब्दच द्राविडी भाषांतल्या धनुष्यवाचक शब्दापासून आला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कन्नडात आजही धनुष्याला 'बिल्लु' म्हणतात, तमिळमध्ये 'विल'.

दुसरे पुस्तक रॉजर अ‍ॅस्कमचे 'टॉक्सोफिलस'. इंग्रजीचे आमचे सहकारी ते नावाने ओळखत होते, वाचलेले कोणी नव्हते. अ‍ॅस्कम केंब्रिजचा ग्रीकचा अध्यापक, पुढे तो राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. १५४५ मध्ये त्याने तिरंदाजीवर हे पुस्तक लिहिले, आणि लॅटिन सोडून इंग्रजीत लिहिल्याबद्दल त्याला प्रस्तावनेत सफाई द्यावी लागली. पुस्तक संवादरूप आहे. बोलणारे दोघे, एक धनुष्यप्रेमी आणि एक ग्रंथप्रेमी. ग्रंथप्रेमी शंका विचारतो आणि धनुष्यप्रेमी उत्तरे देतो. अ‍ॅस्कम सांगतो की मेण लावलेल्या जाड कापडाने धनुष्य रोज घासावे, ते चमकू लागेपर्यंत. एवढा मोठा ग्रीकचा पंडित धनुष्य कशाने पुसावे हे सांगताना अजिबात संकोचत नाही. आमच्या विद्यार्थ्याने आजाच्या तेल लावण्याविषयी लिहिलेला परिच्छेद आम्ही 'अनावश्यक तपशील' म्हणून वगळला होता.

आणखी एक गोष्ट त्या दोन दिवसांत वाचलेली. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये आल्प्समध्ये, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फात एका माणसाचे शव सापडले. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा तो माणूस. त्याच्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे, त्याच्या उंचीपेक्षाही लांब, सुमारे १८२ सेंटिमीटरचे धनुष्य होते. ते अपुरे होते. त्याच्यावर हत्याराचे टवके अजून तसेच दिसतात, घासून सफाई झालेलीच नव्हती. त्याच्या खांद्यात बाणाचे टोक रुतलेले आढळले. त्याचे स्वतःचे धनुष्य पुरे व्हायच्या आत दुसऱ्या कुणाचे तरी पुरे झाले होते. आता तो इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात आहे आणि त्याचे ते धनुष्यही. हे वाचून झाल्यावर आम्ही उठून आमच्या धनुष्याची कूस धरली आहे का ते पाहिले.

कूस धरली होती. दोऱ्याचे ते वेढे आम्ही कायमचेच ठेवले. त्यानंतर कापूस. खानदेशात कापसाला तोटा नाही. उशीतून काढलेला एक बोळा घेऊन कडेवरून अगदी हलका, स्पर्शापुरता फिरवायचा. कुठेही तंतू उभा असेल तर कापसाचा धागा तिथे अडकतो आणि पांढरा कण मागे राहतो. बोटाला गुळगुळीत वाटणाऱ्या जागी कापसाने सात ठिकाणी कण ठेवले. आता 'कापूस खोटे बोलत नाही' या वाक्याला संदर्भ द्यायचा तर कोणता द्यावा? मग ओल्या फडक्याने कडा पुसल्या. पाण्याने निजलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा बारीक कागद लांबीने फिरवला, पुन्हा कापूस. असे तीनदा केले. शेवटी बाटलीच्या गुळगुळीत पोटाने दाबून कडा घोटल्या आणि जवसाचे तेल चोळले. तेलाने धामणीचा रंग खुलला. आम्ही ते बैठकीत खुंटीला टांगले आणि आल्यागेल्याला दाखवू लागलो.

दिवाळीच्या सुटीत तो आला. आता तो एका आश्रमशाळेत शिकवतो. चहा होईपर्यंत त्याने धनुष्याकडे पाहिलेही नाही. मग उठून ते खाली काढले, दारात उजेडाला बसला, डोळे मिटले आणि अंगठ्याचे पेर कडेवरून चालवू लागला. वरचा हात, डावी कड. दोऱ्याच्या वेढ्यांवर क्षणभर थांबला, काही बोलला नाही. उजवी कड. मग मूठ ओलांडून खालच्या हातावर. टोकापासून चार बोटे अलीकडे, गाठीच्या खालच्या अंगाला त्याचा अंगठा थांबला.

"मॅडम, इथं अजून जिवंत आहे."

तिथून आम्ही कापूस दहा वेळा फिरवला होता. त्याने कापूस मागितला, उलट्या दिशेने फिरवला, आणि एक पांढरा धागा तिथे उभा राहिला. कड आम्ही फक्त टोकाकडून मुठीकडे तपासली होती. मुठीकडून टोकाकडे एकदाही नाही.

"काच आहे का?"

काच आम्ही टाकून दिली होती. माळ्यावर एका फुटलेल्या तसबिरीची काच होती, ती काढली. त्याने पायरीच्या दगडावर ठोकून तिचा बेताचा तुकडा पाडला, धार नखावर पाहिली. आम्ही दोन्ही टोके धरली. टेबलावर वही उघडी होती. आम्ही ती मुद्दामच काढून ठेवली होती, कारण मूळ मजकूर जसाच्या तसा टंकून प्रबंधाच्या प्रतीशेजारी ग्रंथालयात ठेवावा, लाल रेघांसकट ठेवावा की त्यांच्यावाचून, हे त्यालाच विचारायचे होते. आम्ही विचारले. त्याने मान वर केली नाही.

"आधी हे होऊ द्या, सर," तो म्हणाला, "जरा घट्ट धरा," आणि काच उलटी फिरवून मुठीकडून टोकाकडे ओढू लागला.